दोन फुटी टेबल, मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग: छोटा कीबोर्ड कुठला घेऊ?

जिन्याखालची_झेरॉक्स (सोमवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की पायरी डोक्याला लागते, म्हणून मी आत बसून आणि गिऱ्हाईक बाहेर उभं. टेबल दोन फुटांचं, म्हणजे ६१ सेंटीमीटर. ह्याहून रुंद आत जातच नाही, सुतारानं दोनदा टेप लावून बघितलंय. डावीकडं भिंत, उजवीकडं स्टुलावर प्रिंटर.

इतकी वर्षं मोठा कीबोर्ड होता, उजव्या बाजूला आकडे असलेला. तो मोजला तर ४४ सेंटीमीटर. राहिले १७. तेवढ्यात माउस नुसता बसतो, फिरत नाही. मग माउस प्रिंटरच्या झाकणावर. कुणी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली की माउस उचलायचा, झाकण उघडायचं, कार्ड ठेवायचं, झाकण पाडायचं, माउस परत वर. तेवढ्यात अर्ज कुठपर्यंत भरला होता तेच विसरायला होतं. नवरा म्हणतो, तुझं निम्मं आयुष्य ह्या झाकणावर चाललंय. तो मागावर बसतो, त्याला दुसऱ्याचे फुकट चाललेले हात लगेच दिसतात.

श्रावणात भाच्यानं एक छोटा कीबोर्ड ऑनलाइन मागवून दिला. ६१ बटणांचा, ‘सिक्स्टी पर्सेंट’ म्हणतात म्हणे त्याला. (आमच्याकडं साठ टक्के म्हटलं की पहिल्यांदा दुकानाची पाटी आठवते, ६० टक्के कन्नड पाहिजे ती. हे साठ टक्के वेगळं निघालं, पण अडलं शेवटी कन्नडपाशीच. पुढं सांगते.) रुंदी २९ सेंटीमीटर, खेळण्यासारखा. माउस टेबलावर आला. दोन दिवस इंग्रजी अर्ज भरले, काही अडलं नाही. तिसऱ्या दिवशी लग्नाची पत्रिका आली.

‘आमचे येथे’ लिहायला घेतलं. ‘आमचे’ झालं, स्पेस दिली, य दाबला. य आला नाही, कर्सर टुणकन वरच्या ओळीत, गणपतीच्या शेजारी. खाली आणला, परत य, परत गणपतीपाशी. मला वाटलं व्हायरस शिरला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग एकेक अक्षर दाबून बघितलं, बाकी सगळी येतात, एक यच येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या टायपिंगची जी सरकारी ठेवण मी वापरते त्यात, य असतो स्लॅशच्या बटणावर, आणि ह्या कीबोर्डात वर जायचा बाणसुद्धा त्याच बटणावर कोंबलाय. फंक्शनबरोबर आणखी एक बटण दाबलं गेलं की बाण पुढं येतो आणि स्लॅश मागं जातो. दाबलं कुणी? सकाळी फडक्यानं पुसताना मीच असणार. सोबतच्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात हे सगळं छापलं होतं. ते भाच्यानं रात्री येऊन वाचलं. तोपर्यंत मी दुसऱ्या फाईलमधनं एकेक य उचलून चिकटवत होते. एका पत्रिकेत किती य असतात ते त्या दिवशी कळलं.

हे निस्तरलं. नुकसान झालं ते पुढच्या पत्रिकेत. आमच्याकडं पत्रिका बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी असते, पुढं मराठी, पाठीमागं कन्नड. ह्यात मुलाकडचे वडगावचे, मुलीकडचे कोप्पळचे. मी कन्नडही इनस्क्रिप्टमध्येच टाइप करते, कारण मराठी क ज्या बटणावर त्याच बटणावर कन्नड क, बोटांना वेगळं काही शिकवावं लागत नाही. जास्तीचं एवढंच की कन्नडला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ निराळे आहेत. ऱ्हस्व ए झेडच्या बटणावर, तो हाताशी आहे. ऱ्हस्व ओ मात्र पार वर डाव्या कोपऱ्यात, एकच्या अलीकडं ते लाटेचं चिन्ह असलेलं बटण असतं ना, त्यावर. मराठीला त्या बटणाची कधी गरजच पडत नाही, त्यामुळं माझ्या ध्यानातही नव्हतं की छोट्या कीबोर्डात त्या जागी एस्केप बसवलाय. ऱ्हस्व ओ पाहिजे तर फंक्शन धरून एस्केप.

आता कोप्पळचा को ऱ्हस्व, होसमनी आडनावातला हो ऱ्हस्व, ‘ओंदु’तला ओ ऱ्हस्व. दरवेळी फंक्शन कोण धरत बसणार, म्हणून घाईत दीर्घ ओ देत गेले, म्हटलं मागनं सगळे एकदम बदलू. मागनं राहून गेलं. प्रूफ बघायला मुलाचे वडील आले. मराठी बाजू त्यांनी चष्मा लावून वाचली, कानामात्रा तपासला. कन्नड बाजू उलटी-सुलटी करून बघितली, ‘छान आलंय’ म्हणाले आणि सही केली. ४०० पत्रिका छापून गेल्या. मग मुलीच्या मामांचा फोन. काय बोलले ते इथं लिहीत नाही. ४०० च्या ४०० परत छापून दिल्या, माझ्या पैशानं.

तर प्रश्न असा. मोठा कीबोर्ड मावत नाही, छोटा पत्रिका बिघडवतो. मधलं काही आहे का, ज्यात य आणि तो वरचा डावा कोपरा जागेवर असेल? तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम, त्याच्या आधी घ्यायचाय. ₹२,५०० च्या वर जायचं नाही. आणि खडखड करणारा नको. दुपारी सासरे वरच्या खोलीत झोपतात, जिना लाकडी आहे, खालचा आवाज सरळ वर जातो.


खानापूर_पॅसेंजर (सोमवार, रात्री १०.५५)

ताई, कीबोर्ड कशाला बदलता, टेबलाखाली सरकता ट्रे बसवून घ्या की. प्लायवूडवाल्याकडं चॅनेल मिळतात, सुतार तासाभरात बसवतो. मोठा कीबोर्ड ट्रेवर, वर सगळं टेबल मोकळं. आमच्या शाळेच्या ऑफिसात तसंच आहे.


जिन्याखालची_झेरॉक्स (सोमवार, रात्री ११.०५)

दादा, तोही विचार झाला. टेबलाखाली यूपीएस आणि कागदाची रिमं आहेत, ती हलवली असती. पण ट्रे पुढं ओढला की माझी खुर्ची मागं जाते आणि मागं चौथी पायरी आहे. मानेला लागते.


पेढीवरचा_कारकून (मंगळवार, सकाळी ७.१०)

अक्का, मी निपाणीत तंबाखूच्या पेढीवर २२ वर्षं हिशेब लिहितोय, म्हणून आकड्यांच्या बाजूनं बोलतो. ६१ बटणांचा कीबोर्ड आमच्या मालकांच्या मुलानं पण आणला होता, दिव्याबिव्यांचा, रात्री जत्रेतल्या पाळण्यासारखा चमकायचा. पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. टॅलीत पेमेंट एफ ५, रिसीट एफ ६, विक्री एफ ८, खरेदी एफ ९. ह्यात एफची ओळच नाही! प्रत्येक व्हाउचरला फंक्शन धरून आकडा दाबायचा. शेतकरी समोर बसलाय, वजनाच्या पट्ट्यांचा गठ्ठा हातात, आणि मी तिथं दोन हातांनी एक व्हाउचर उघडतोय.

मी शेवटी काय केलं, आकडे नसलेला कीबोर्ड घेतला आणि आकड्यांचा पॅड वेगळा घेतला. यूएसबीवर चालतो, साडेसहाशेला मिळाला. तो मी डावीकडं ठेवतो. पहिले आठ दिवस डाव्या हाताला सात कुठं आणि एक कुठं ते समजेना, मोबाइलवर सात खाली, इथं सात वर. आता उजवा हात माउसवर, डावा पॅडवर, जेवायला उठेपर्यंत हलत नाहीत. काम नसलं की पॅड खणात. तुमच्यासारख्या जागेला हे बरं, कारण पॅड काय दिवसभर लागत नाही.

अजून एक. जुन्या फाँटमध्ये काम करत असाल, यूनिकोडच्या आधीच्या, तर काही अक्षरं ऑल्ट धरून चार आकडे मारल्याशिवाय येत नाहीत, आणि ते वरच्या ओळीतल्या आकड्यांनी होत नाही, पॅडच पाहिजे. वेगळ्या पॅडनं होतं, मी करून बघितलंय. फक्त नम लॉक चालू ठेवा.


जिन्याखालची_झेरॉक्स (मंगळवार, दुपारी १.३०)

काका, जुना फाँट दोन गिऱ्हाइकांसाठी ठेवलाय. दहा वर्षांपूर्वीची फाईल घेऊन येतात आणि ‘ह्यातली फक्त तारीख बदला’ म्हणतात. पॅडचं लक्षात ठेवते. आकडे मला फार लागत नाहीत, आधार आणि बँक खात्याचे नंबर तेवढे, ते वरच्या ओळीतनं होतात.


हिंदवाडी_रात्रपाळी (मंगळवार, दुपारी २.४५)

मी बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरनं करतो, रात्रीचं, म्हणून आत्ता उठून लिहितोय. कीबोर्डांचं वेड आहे, घरात पाच पडलेत, आई त्यांना ‘तुझे पाट’ म्हणते. तर जरा सविस्तर.

आधी जागेचा हिशेब. चांगल्या छोट्या कीबोर्डात बटणं बारीक नसतात. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर, मोठ्यातही तेवढंच. कमी होतात ती बटणं. १०४ बटणांचा म्हणजे तुमचा जुना, ४४ सेंटीमीटर. त्यातनं फक्त आकड्यांचा भाग काढला की ८७ राहतात आणि रुंदी येते ३६ च्या आसपास. म्हणजे खरी जागा इथंच सुटते, एका फटक्यात आठ सेंटीमीटर. त्याच्या पुढं बाण आणि होम-एंडवाला मधला भाग मुख्य बटणांना चिकटवला की झाला पंचाहत्तर टक्क्यांचा, ३२ सेंटीमीटर. आणि तुमचा ६१ वाला २९. म्हणजे पंचाहत्तरवरनं साठवर येताना तुम्ही बाण, एफची ओळ, होम, एंड, डिलीट आणि तो ऱ्हस्व ओ, एवढं सगळं दिलंत आणि घेतले किती, तर तीन सेंटीमीटर. दोन बोटं!

एफची ओळ काढून रुंदी कमी होतच नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कमी होते ती पुढची-मागची खोली, दोन-अडीच सेंटीमीटर. तुमची अडचण आडवी आहे, उभी नाही. मग ती ओळ काढून काय उपयोग? ती ओळ राहिली की एस्केपला वर स्वतःची जागा मिळते, आणि लाटेचं बटण खाली एकच्या शेजारी आपल्या घरी राहतं. म्हणून तुमच्यासाठी पंचाहत्तर. दुकानदार मधला म्हणून ६८ बटणांचा दाखवेल, बाण आहेत म्हणून सांगेल. बाण असतात, पण एफची ओळ नसल्यामुळं वर डावीकडं बहुतेकांत एस्केपच असतो. कोप्पळचा घोळ परत होईल.

आवाजाचं: प्रत्येक बटणाखाली स्विच असतो, त्याच्या रंगावरनं प्रकार कळतो. निळे स्विच घेऊ नका, ते टिकटिक करायलाच बनवलेत. लाल घ्या, ते सरळ खाली जातात. तपकिरी मधले, किंचित अडकल्यासारखे लागतात. तरी लालचाही तळाला टेकल्याचा आवाज येतोच, खाली रबराचा किंवा जाड कापडाचा तुकडा अंथरा. अगदीच शांत पाहिजे तर साधा रबराचा मेम्ब्रेन, पण पंचाहत्तरच्या मापात तसला चांगला मला तरी मिळाला नाही. बिनवायरीचा नको तुम्हाला. चार्जिंग संपायची वेळ आणि गिऱ्हाईक उभं राहायची वेळ एकच असते.

नवा येईपर्यंत आत्ताच्या ६१ वाल्याला ठिगळ लावता येईल. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज फुकट आहे, त्यात कीबोर्ड मॅनेजर म्हणून भाग आहे. तिथं सांगायचं, कॅप्स लॉक दाबला की लाटेचं बटण समज. इनस्क्रिप्टमध्ये कॅपिटल-स्मॉल नसतंच, तो कॅप्स लॉक नुसता करंगळीखाली बसून असतो. मग ऱ्हस्व ओ तिथंच, घरच्या ओळीत. इंग्रजी अर्जांना कॅपिटल अक्षरं लागली तर शिफ्ट धरून मारा किंवा वर्डात शिफ्ट एफ ३... अरे हो, तुमच्याकडं एफच नाही. असो. पॉवरटॉईज कॉम्प्युटर चालू होताना आपोआप चालू होईल असं ठेवा, नाही तर सकाळी परत एस्केप.


सीमेपलीकडचा_मामा (मंगळवार, संध्याकाळी ६.००)

कन्नडला इनस्क्रिप्ट कशाला? नुडी घ्या, कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर. त्यात इंग्रजी ओच्या बटणावर ऱ्हस्व ओ, शिफ्ट धरलं की दीर्घ. कोपऱ्यातल्या बटणाचा प्रश्नच मिटला.


जिन्याखालची_झेरॉक्स (मंगळवार, रात्री ९.४०)

मामा, नुडी आहे माझ्याकडं, येतं पण. नुसतं कन्नडच दिवसभर टाइप करायचं असतं तर तेच घेतलं असतं. माझं कसं होतं, पुढची बाजू मराठी, मागची कन्नड, मधेच फोन, मुलाच्या आत्याचं नाव राहिलं, परत मराठी. नुडीत आरच्या बटणावर र, इनस्क्रिप्टमध्ये त्याच बटणावर दीर्घ ईची वेलांटी. दिवसातनं दहा वेळा इकडून तिकडं गेलं की बोटं भांबावतात. एकदा ‘राजश्री’च्या जागी जे काही उमटलं ते वाचताही येत नव्हतं.

हिंदवाडीवाले दादा, कॅप्स लॉकचं केलं. बसलं! कोप्पळ बरोबर आला. पण सवयीनं डाव्या हाताची करंगळी वरच जाते आणि एस्केप दाबून खिडकीच बंद करते. तेवढं सोडलं तर मस्त. सासऱ्यांनाही लाल-निळं समजावून सांगितलं, ते म्हणाले मागाच्या खटखटीत चाळीस वर्षं झोपलोय, तुझ्या कीबोर्डानं काय होतंय. मग वाटलं आधीच विचारायला पाहिजे होतं.


करंगळी_मास्तर (बुधवार, सकाळी ६.२५)

चिकोडीला माझा टायपिंग क्लास होता. आता बंद आहे, मशिनं माळ्यावर आहेत. ह्या चर्चेत सगळे वरच्या डाव्या कोपऱ्यामागं लागलेत, ते बरोबरच आहे, पण मला उजव्या बाजूची जास्त काळजी वाटते.

इनस्क्रिप्ट १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवला, पुढं १९९१ च्या भारतीय मानकात आला. रचना साधी आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. वाचायला सोपी, पण परिणाम काय होतो बघा. इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या उजव्या करंगळीला पी सोडला तर कामच नसतं, अर्धविराम नि कंस कधीमधी. मराठीत त्याच करंगळीखाली ज, ड, च, ट, य. शिफ्ट धरलं की झ, ढ, छ, ठ. एक वाक्य घ्या, ‘चटणी वाटायची आहे’. मोजा करंगळी किती वेळा पडली ते. पाच वेळा.

आता कीबोर्ड बनवणारा इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवतो. त्याला जागा कमी करायची असली की तो कुठं कात्री लावतो? उजव्या काठाला. कंसाचं बटण बारीक कर, अवतरणाचं बारीक कर, स्लॅश खाली ढकल, उलटा स्लॅश एंटरच्या वर कुठंतरी चिकटव. इंग्रजीवाल्याला फरक पडत नाही. आपला ड आणि ट चिरडला जातो. मी पूर्वी एका विद्यार्थ्याचा दहा इंची नेटबुक बघितला होता. त्यावर त्या पोराला इंग्रजी चाळीसच्या वेगानं यायचं, मराठी वीसनं. पोर म्हणायचं मला मराठी जमत नाही सर. मी पट्टी लावून बटणं मोजली. बाकीची १७ मिलिमीटर, ड आणि टची १३. पोराचा काय दोष होता?

आणि तो उलटा स्लॅश. त्यावर ॉ आहे. डॉक्टर, कॉलेज, ऑफिस, हॉल. पत्रिकेत हॉल तर असतोच.

तेव्हा ताई, दुकानात जाताना कीबोर्डाचं नाव लिहून नेऊ नका, चिठ्ठीवर अक्षरं लिहून न्या. ज ड च ट य ॉ, आणि तुमचा कन्नडचा ऱ्हस्व ओ. तिथं उभं राहून प्रत्येक बटण बोटानं चाचपा. सगळी शेजारच्याएवढीच रुंद आहेत ना, आणि एका बटणावर दोन कामं नाहीत ना. उजवा शिफ्टही बघा, छोट्यांत तो आखडून एका बटणाएवढा करतात आणि शेजारी बाण बसवतात. झ-ढ-छ-ठ मारताना तुम्ही डावा शिफ्ट वापरत असाल तर चालेल. उजवा वापरत असाल तर परत गणपतीपाशी जाल.

घरी आधी एक करा. तुमच्याकडं पत्रिकांचा पुठ्ठा असेलच. ३६, ३२, २९ अशा तीन पट्ट्या कापा, एकेक दिवस टेबलावर ठेवून काम करा. टेपनं मोजलेलं आणि हातानं वापरलेलं ह्यात फरक असतो.


जिन्याखालची_झेरॉक्स (बुधवार, रात्री १०.१५)

मास्तर, डावाच वापरते, त्या जुन्या कीबोर्डाचा डावा शिफ्ट म्हणूनच तर झिजून अडकायला लागलाय. पुठ्ठे कापले. सोनेरी कडेचे निघाले, दुसरा पुठ्ठा नव्हता. आज ३६ चा ठेवलाय.


जिन्याखालची_झेरॉक्स (पुढच्या सोमवारी, रात्री ९.५०)

घेतला. सांगते कसं झालं.

३६ च्या पुठ्ठ्यावर माउसला २५ राहिले, पुरतात. पण माझी पावतीची वही कुठं ठेवायची? ती मी कीबोर्ड आणि माउसच्या मधे उभी ठेवते, हात न हलवता लिहिता यावं म्हणून. ३२ वर ती मावली. २९ वर वहीच्या बाजूला नुसती दोन बोटं रिकामी राहिली, त्यात मी दिवसभर काहीच ठेवलं नाही, शेवटी स्टेपलर ठेवला. हिंदवाडीवाल्या दादांचं तंतोतंत.

शनिवारी बाजारात गेले. चिठ्ठी नेली होती. दुकानातला पोरगा म्हणाला, अक्का, गेमिंगला पाहिजे का ऑफिसला? मी म्हटलं पत्रिकांना. त्यानं पाच ठेवले समोर. एक तर दिसायला फारच गोड, पांढरा-निळा, पण त्याचा स्लॅश बाणाच्या वर अर्धा झालेला. दुसऱ्यात लाटेचं बटण होतं, पण उजवीकडं वर, बॅकस्पेसच्या पलीकडं. तिथनं कोप्पळ लिहायचं म्हणजे उजव्या हातानं बसवण्णाला नमस्कार केल्यासारखं. तिसरा जमला. ८२ बटणं, लाल स्विच, वायरचा, ₹२,१०० ला. मी त्याला म्हटलं जोडून दाखव, कॉम्प्युटरवर मराठी नव्हतं, मग त्यानंच कन्नड लावलं आणि मी उभ्या उभ्या ‘कोप्पळ’, ‘होसमनी’, ‘ओंदु’ मारून बघितलं. पोरगा म्हणाला, अक्का, तुम्ही कन्नड टीचर आहात काय. नाही म्हटलं, दंड भरलेली आहे.

तक्रार एकच. उजव्या काठाला होम, पेज अप, पेज डाऊन, एंड अशी उभी ओळ आहे, एंटरला अगदी खेटून. पहिले दोन दिवस एंटरऐवजी पेज डाऊन जायचं आणि पत्रिका दिसेनाशी व्हायची. मग मी त्या बटणावर पत्रिकेच्या पुठ्ठ्याचा गोल तुकडा डिंकानं चिकटवला, बोटाला खरखरीत लागतं, थांबतं. लाटेच्या बटणावर हळदीकुंकवाच्या पत्रिकेतला एक छोटा लाल ठिपका चिकटवलाय. बाकी अक्षरांचे स्टिकर नाही लावले, ती बोटांना पाठ आहेत.

आज पहिल्यांदा माउस न उचलता अकरा आधार कार्डं केली. झाकणावर त्याच्या जागी आता सासऱ्यांचा चष्मा असतो, दुपारी खाली येऊन पेपर वाचतात आणि तिथंच विसरतात.

६१ वाला भाच्याला परत दिला. जुना मोठा पण आहे अजून, बाकी ठीक, फक्त डावा शिफ्ट अडकतो. कुणाला पाहिजे असला तर घेऊन जा, पैसे नकोत.


पेढीवरचा_कारकून (पुढच्या सोमवारी, रात्री १०.०५)

अक्का, गुरुवारी मालकांबरोबर बेळगावला येतोय. शिफ्टचं राहू दे, त्याचे आकडे चालतात ना?


जिन्याखालची_झेरॉक्स (पुढच्या सोमवारी, रात्री १०.०८)

नऊ जरा जोरात दाबावा लागतो.